सामूहिक चाचणीवरून एका मुलाचा निकाल लावू नका

मा. संपादक,
स. न.

सरकारी शाळांतल्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी एकच छापील चाचणी द्यावी का, हा विषय निघाला की बोलणे लगेच ‘चाचणी हवी’ आणि ‘चाचणी नको’ या दोन टोकांना जाते. आमचे म्हणणे या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. चाचणी घ्यावी, नीट घ्यावी. मात्र त्या एका चाचणीतल्या एका आकड्यावरून कुणा मुलाची तुकडी ठरवणे, त्याला ‘मंद’ किंवा ‘हुशार’ असा शिक्का मारणे, किंवा त्याला वेगळ्या वर्गात बसवणे थांबले पाहिजे. असे करू नये याची कारणे मापनशास्त्रात स्पष्ट आहेत, पण निकालपत्रावर ती कधी छापली जात नाहीत.

आधी ‘प्रमाणित’ या शब्दाचा गैरसमज दूर करू. प्रमाणित म्हणजे अचूक असल्याचे प्रमाणपत्र मिळालेली चाचणी, असे अनेक पालकांना वाटते. खरा अर्थ एवढाच, की सर्वांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत दिलेल्या त्याच सूचना, तेवढीच मिनिटे आणि तपासण्याची एकच रीत. शिवाय ही चाचणी आधी एका मोठ्या नमुना गटाला देऊन त्या गटाचे गुण कसे विभागले गेले याचे तक्ते तयार केलेले असतात. त्यांना मानके म्हणतात. एखाद्या मुलाचे पर्सेंटाइल ४० आले तर त्याला ४० टक्के गुण मिळाले असे नव्हे. मानकांच्या गटातली १०० पैकी ४० मुले त्याच्या खाली आहेत, एवढेच ते सांगते. तो गट कोणत्या वर्षीचा, कोणत्या भाषेचा, शहरातला की खेड्यातला, हे कळल्याशिवाय या ४० ला अर्थ नाही. मानके जुनी होतात, ही आणखी एक अडचण. बुद्धिमापन चाचण्यांत विसाव्या शतकात अनेक देशांत दर दहा वर्षांनी, सरासरी १०० धरलेल्या मोजपट्टीवर, सुमारे ३ गुणांची वाढ दिसली. वीस वर्षांपूर्वीची मानके लावली तर सगळा वर्ग आहे त्यापेक्षा वर दिसू शकतो.

हे साधन आले कुठून, तेही थोडक्यात. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये जी चाचणी तयार केली ती वैयक्तिक होती. समोर एक मूल, समोर एक परीक्षक. कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल ते ओळखणे हा तिचा हेतू होता. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात, अमेरिकी सैन्याला लाखो जवानांची झटपट विभागणी करायची होती, तेव्हा रॉबर्ट यर्क्स यांच्या गटाने कागद-पेन्सिलीची सामूहिक चाचणी आणली आणि युद्ध संपेपर्यंत ती सुमारे १७ लाख जवानांना दिली. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. युद्धानंतर हीच पद्धत शाळांत शिरली. गर्दीची चाळणी करायला बनवलेले साधन मुलांच्या माथी आले आणि बिनेचा मूळ हेतू मागे पडला.

वैयक्तिक आणि सामूहिक चाचणीतला फरक केवळ मुलांच्या संख्येचा नाही. वैयक्तिक चाचणीत परीक्षक मुलाला पाहत असतो. मूल घाबरले आहे, डोळे बारीक करून वाचते आहे, सूचना समजलीच नाही, दमले आहे, हे त्याला दिसते आणि तो त्याची नोंद करतो. सामूहिक चाचणीत यातले काहीही कागदावर उमटत नाही. उमटतो तो फक्त रंगवलेला गोल. म्हणून या चाचणीच्या कमी आणि जास्त गुणांकडे एकाच नजरेने पाहू नये. कॉपी झाली नसेल तर जास्त गुणांना फारशी वेगळी कारणे नसतात, मुलाला ते येत होते एवढेच. कमी गुणांना मात्र डझनभर कारणे असतात. चष्मा नाही, ऐकू कमी येते, ताप आहे, सकाळी काही खाल्लेले नाही, प्रश्नाची भाषा घरची नाही, पाने चिकटलेली होती, पेन्सिल मोडली. वर्गात मागे पडलेल्या मुलाने चांगले गुण मिळवले तर ती शाळेसाठी मोलाची खबर आहे. कमी गुण मिळाले तर ती फक्त चौकशी सुरू करण्याची सूचना आहे. शाळांत नेमके उलटे होते: कमी गुण लगेच खरे मानले जातात आणि जास्त गुणांवर संशय घेतला जातो.

एक चूक विशेष सांगण्याजोगी आहे, कारण ती वारंवार घडते आणि पकडता येते. समजा ४० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय आणि उत्तरांसाठी वेगळी ओएमआर पत्रिका, म्हणजे गोल रंगवायची आणि मशीनने तपासायची उत्तरपत्रिका. मुलाने अकरावा प्रश्न अवघड वाटला म्हणून सोडला, पण पत्रिकेवर अकराव्या ओळीत बाराव्याचे उत्तर रंगवले. तिथून पुढचे सगळे एक ओळ वर सरकले. ३३ प्रश्न सोडवू शकणाऱ्या या मुलाला पहिल्या दहांत साधारण ९ मिळतील आणि उरलेल्या तिसांत नशिबाने ७ च्या आसपास. एकूण १६. मशीन तक्रार करत नाही, ते १६ छापते. उपाय सोपा आहे. ज्या मुलाची पहिल्या भागातली उत्तरे बरोबर आणि एका ठिकाणापासून पुढे सोपे प्रश्नही चुकलेले दिसतात, त्याची पत्रिका एक ओळ सरकवून पुन्हा तपासायची. गुण एकदम उडी मारतात. पण हे करायला कुणीतरी पत्रिका बघावी लागते. तिसरीपर्यंतच्या मुलांना तर वेगळी उत्तरपत्रिका देऊच नये. त्यांनी प्रश्नपुस्तिकेतच खूण करावी. या वयात नजर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर नेऊन योग्य ओळ गाठणे हेच एक वेगळे कौशल्य असते, आणि आपण मोजायला निघालो असतो गणित.

याच ४० प्रश्नांत एकही प्रश्न न वाचता गोल रंगवले तर सरासरी १० गुण पडतात. सरासरीभोवतीचे विचलन सुमारे २.७ असते, म्हणजे नुसत्या अंदाजाने ५ पासून १५ पर्यंत काहीही येऊ शकते. तेव्हा ८ मिळालेले मूल आणि १३ मिळालेले मूल यांच्यात फरक आहे असे ही चाचणी सांगूच शकत नाही. दोघांविषयीही ती एवढेच सांगते, की हे प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांना काय येते ते शोधायला सोपी, खालच्या पातळीची चाचणी लागते. वरच्या टोकालाही असेच. ४० पैकी ३९ आणि ४० यांत एका प्रश्नाचाच फरक असतो, पण मानकांच्या तक्त्यावरून प्रमाणित गुणांत बदलल्यावर तो कित्येक गुणांचा दिसतो, कारण त्या टोकाला अवघड प्रश्न फार थोडे असतात.

आता परीक्षागृहाकडे वळू. चाचणीची मानके ज्या परिस्थितीत बनली ती परिस्थिती शाळेत उभी करता आली तरच तक्त्यातली तुलना चालते. त्यासाठी २५ ते ३० मुलांमागे एक पर्यवेक्षक हवा, खालच्या इयत्तांत याच्या निम्म्या संख्येमागे एक. सूचना छापील पुस्तिकेतून शब्दशः वाचायच्या, स्वतःच्या शब्दांत समजावायच्या नाहीत. शिक्षकांना हे जड जाते, कारण समजावणे हा त्यांचा स्वभाव. पण एका वर्गात ‘येत नसेल तर सोडून द्या’ आणि शेजारच्या वर्गात ‘काहीतरी लिहाच’ असे सांगितले गेले, तर त्या दोन वर्गांची तुलना तिथेच संपते. सराव प्रश्न सगळ्यांचा सोडवून झाला आहे हे ओळीओळीने फिरून पाहावे आणि मगच वेळ सुरू करावी. वेळ मोजण्यासाठी दोन घड्याळे असावीत, आणि सुरुवातीची व शेवटची वेळ फळ्यावर लिहावी. २५ मिनिटांच्या भागात दोन मिनिटे कमी-जास्त झाली तर ८ टक्के वेळ बदलला. वेगावर अवलंबून असलेल्या चाचणीत तो थेट गुणांत दिसतो. सलग दोन भागांच्या मध्ये किमान दहा मिनिटे सुटी. चाचणी सकाळच्या पहिल्या सत्रात ठेवावी, खेळाच्या तासानंतर किंवा सणाच्या आदल्या दिवशी नको.

आणि नोंदवही. हा भाग जवळजवळ कुठेच पाळला जात नाही. बाहेर लाऊडस्पीकर सुरू झाला, वीज गेली, एका मुलाला उलटी झाली, तीन पुस्तिकांत पाने उलटी शिवलेली निघाली, हे त्याच वेळी, मुलाच्या क्रमांकासह लिहायला हवे. ही नोंद गुणांच्या फाइलला जोडलेली नसेल तर सहा महिन्यांनी तो आकडा एकटाच उरतो आणि कुणालाही त्याचा मागचा पुढचा संदर्भ सांगता येत नाही.

सगळे नीट पार पडले तरीही मापनात चूक राहतेच. चाचणीच्या पुस्तिकेत विश्वसनीयता म्हणून एक आकडा दिलेला असतो, म्हणजे पुन्हा मोजले तर गुण कितपत तसेच येतील याचे ० ते १ मधले माप; चांगल्या सामूहिक चाचणीत तो ०.९० च्या आसपास. हा आकडा ऐकायला भारी वाटतो. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचे माप) १५ असलेल्या मोजपट्टीवर त्याचा अर्थ काय होतो? १ मधून ०.९० वजा केले, त्याचे वर्गमूळ काढले आणि १५ ने गुणले, तर सुमारे ४.७ येतात. ही मापनाची प्रमाण त्रुटी. म्हणजे १०० गुण मिळालेल्या मुलाविषयी प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते, की त्याची पातळी बहुधा ९५ ते १०५ दरम्यान आहे, आणि तेही तीनपैकी दोन वेळाच बरोबर ठरेल. पर्सेंटाइलच्या भाषेत हा पट्टा सुमारे ३८ ते ६२ असा पसरतो. पर्सेंटाइल ४० आले की ६०, यावर घरात रडारड होते, आणि चाचणीला स्वतःलाच तो फरक ठामपणे सांगता येत नाही.

रेषा आखली की नुकसान सुरू होते. समजा ७० च्या खाली गेलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात पाठवायचे ठरले. ज्यांची खरी पातळी ७५ आहे अशी १०० मुले घेतली तर वरच्या हिशेबाने त्यांतली १४-१५ मुले त्या दिवशी केवळ मापनाच्या चुकीमुळे रेषेखाली जातील. सातांतले एक. त्यांनाच दुसरी, स्वतंत्र चाचणी वेगळ्या दिवशी दिली तर दोन्ही वेळा खाली जाणारी मुले शंभरात दोनच्या आसपास उरतात. दुसऱ्यांदा पाहण्याची किंमत एक सकाळ. न पाहण्याची किंमत ते मूल पुढची कित्येक वर्षे मोजते. वरच्या रेषेचेही गणित असेच आहे. १३० मिळालेल्या मुलांची पुन्हा चाचणी घेतली तर त्यांची सरासरी १२७ च्या आसपास येणे अपेक्षित असते. ती मुले घसरलेली नसतात. पहिल्या दिवशीच्या अनुकूल योगायोगाचा तेवढा भाग गळून पडलेला असतो.

प्रगती मोजताना हा घोळ आणखी वाढतो. जूनची आणि मार्चची अशा दोन चाचण्या, प्रत्येकीची विश्वसनीयता ०.९०, आणि दोन्हींतला सहसंबंध (दोन्हींतले गुण किती सोबत कमी-जास्त होतात त्याचे माप) ०.८० असेल, तर त्या दोन गुणांच्या फरकाची विश्वसनीयता फक्त ०.५० उरते. ‘या मुलीची चार गुणांनी अधोगती’ असे निकालपत्रावर लिहिणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

‘इयत्तासमान गुण’ ही छपाई तर बंदच करावी असे आम्हाला वाटते. चौथीतल्या मुलाला ७.२ अशी पातळी मिळाली म्हणजे त्याला सातवीचे गणित येते असे मुळीच नाही. सातवीच्या मुलांना ही चौथीची चाचणी दिली असती तर त्यांना सरासरी जितके गुण मिळाले असते तितके याला मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा ती चाचणी सातवीला प्रत्यक्षात दिलेलीही नसते, आलेख पुढे ओढून तो आकडा काढलेला असतो.

भाषेचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत दुखरा. घरी बोलीभाषा बोलणाऱ्या मुलापुढे प्रमाणभाषेतले तीन ओळींचे गणित ठेवले तर आधी वाचनाची परीक्षा होते, गणिताची नंतर. भाषांतराने हे सुटत नाही. एका भाषेत रोजच्या वापरातला छोटा शब्द असतो, दुसऱ्या भाषेत त्याला जोडाक्षरांचा पुस्तकी शब्द येतो आणि सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो. शब्दसंबंधांचे प्रश्न तर भाषांतरात पार मोडतात. भाषांतरित चाचणी पुन्हा नमुना गटाला देऊन, प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी नव्याने तपासून, नवी मानके काढल्याशिवाय वापरू नये. समान एकूण गुण असलेल्या दोन भाषागटांतली मुले एखाद्याच प्रश्नावर फार वेगळी वागत असतील तर तो प्रश्न वगळावा. हे तपासण्याच्या रीती गेली काही दशके उपलब्ध आहेत, आणि आता त्यासाठी साधा संगणक पुरतो.

न्यायालयांना यात पडावे लागले ते उगाच नाही. १९६७ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी शाळांची तुकडीपद्धत न्यायाधीश स्केली राइट यांनी हॉब्सन विरुद्ध हॅन्सन खटल्यात रद्द ठरवली. तिथे मुलांची वाटणी मुख्यतः सामूहिक चाचण्यांवर होत होती आणि त्या चाचण्यांची मानके गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेली होती. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतून तपासून मतिमंद ठरवल्याचे प्रकरण पुढे आले. त्यांचीच चाचणी त्यांच्या भाषेतून घेतल्यावर बहुतेक मुले त्या रेषेच्या वर गेली. आणि तिथे वापरलेल्या चाचण्या तर वैयक्तिक होत्या. सामूहिक चाचणीत हा धोका किती वाढतो याचा विचार वाचकांनी करावा. १९७५ च्या अमेरिकी कायद्याने मग स्पष्ट अट घातली, की कोणत्याही एकाच चाचणीवरून मुलाची नेमणूक ठरवायची नाही आणि तपासणी मुलाच्या भाषेतून करायची. आमची मागणी याहून जास्त काही नाही.

शिक्षकांचे मोजमाप याच गुणांवरून करण्याची टूम सुद्धा इथेच पाहून घेऊ. वरच्याच मोजपट्टीवर २५ मुलांच्या वर्गाची सरासरी, मुले कोणती आली एवढ्याच योगायोगाने, ३ गुणांनी इकडेतिकडे होते. दोन वर्षांच्या दोन वर्गांची तुलना केली तर हा योगायोग ४ गुणांच्या वर जातो. तीन गुणांच्या घसरणीवरून शिक्षकाला नोटीस काढणे म्हणजे त्याला योगायोगाची शिक्षा देणे. आणि आकड्यावर पगार, बढती किंवा शाळेचे अस्तित्व टांगले की आकडा बिघडतो. १९८७ मध्ये डॉ. जॉन कॅनेल यांनी दाखवले, की अमेरिकेतली पन्नासही राज्ये आपली प्राथमिक शाळांतली मुले राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचे सांगत होती. जुनी मानके आणि वर्षानुवर्षे तीच प्रश्नपुस्तिका ही त्यामागची दोन साधी कारणे. अटलांटात मामला पुढे गेला. २००९ च्या चाचणीत खोडून दुरुस्त केलेल्या उत्तरांचे प्रमाण भलतेच निघाले, आणि २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक व अधिकारी गैरप्रकारात गुंतल्याचे नोंदवले गेले. म्हणून भरलेल्या पत्रिका वर्गशिक्षकाच्या हाती राहू नयेत. मोजून, पाकिटात घालून, दोघांच्या सह्यांनिशी त्याच दुपारी सीलबंद व्हाव्यात, आणि चुकीचे खोडून बरोबर केलेल्या उत्तरांची वर्गवार मोजणी मशीनवरून काढावी.

शाळाव्यवस्था कशी चालली आहे हे सरकारला जाणून घ्यायचे असेल तर प्रत्येक मुलाला तपासण्याची गरजच नाही. अमेरिकेत १९६९ पासून चालणारे राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापन निवडक मुलांवर होते. प्रत्येक मूल एकूण प्रश्नांचा एक भागच सोडवते, आणि कुणाही मुलाचा वैयक्तिक निकाल दिला जात नाही. प्रश्नांचा मोठा साठा वेगवेगळ्या पुस्तिकांत वाटला की अभ्यासक्रमाचा बराच भाग मोजता येतो, मुलाचा वेळ थोडा जातो आणि कुणाच्या माथ्यावर आकडा चिकटत नाही. त्यातून ‘अपूर्णांकांची बेरीज सगळीकडेच कच्ची आहे’ असे जे कळते ते खरे उपयोगाचे. वर्गपातळीवरही हाच उपयोग आहे. ३० पैकी २४ मुलांनी तोच चुकीचा पर्याय निवडला असेल तर तो प्रश्न आणि तो पर्याय शिक्षकाच्या हातात तीन आठवड्यांच्या आत पडायला हवा. वर्ष संपल्यावर आलेल्या निकालाचा त्या मुलांना काय उपयोग?

पालकांनीही निकाल हाती आला की शाळेला विचारावे: मानके कोणत्या वर्षाची आणि कोणत्या गटाची? गुणांच्या दोन्ही बाजूंना किती त्रुटी धरली आहे? चाचणी कोणत्या भाषेत झाली? त्या दिवशी नोंदवहीत काय लिहिले आहे? मुलाबद्दल काही निर्णय सुचवला असेल तर त्याआधी डोळे आणि कान तपासले का, आणि एखाद्या प्रशिक्षित व्यक्तीने मुलासमोर बसून वैयक्तिक चाचणी घेतली का? या प्रश्नांना उत्तर नसेल तर निर्णयाच्या कागदावर सही करू नये.

शिक्षण खात्याकडे आमची विनंती निकालपत्राच्या एका ओळीपुरती आहे. आज तिथे छापले जाते: ‘गणित – ५०’. त्याऐवजी छापावे: ‘गणित – पर्सेंटाइल ३८ ते ६२ च्या दरम्यान. मानके अमुक वर्षाची. चाचणीची भाषा अमुक, घरची भाषा अमुक. चाचणीच्या दिवशीची नोंद: दुसऱ्या भागात सात मिनिटे वीज नव्हती. हा निकाल तुकडी किंवा वर्ग ठरवण्यासाठी वापरू नये.’

आपले,
शालेय मूल्यमापनाचे काम करणारे काही शिक्षक